गळ्याची सुट्टी

आमच्या मास्तरांना सगळा गाव आळशी म्हणायचा, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीपुरतं म्हणाल तर गावाचं काही चुकत नव्हतं. पण आळशी माणूस नुसता पडून राहतो. हे गृहस्थ पडून राहायचीही शिस्त लावायचे. मी असा सुट्टीत घाम गाळणारा माणूस जन्मात दुसरा पाहिला नाही.

ते पुण्याकडचे. बाळापूरच्या अलीकडे आमचं गाव. तिथं सरकारी शाळा निघाली तेव्हा त्यांना धाडलं आणि त्यांच्या हाताखाली मला चिकटवलं. मी माळ्याचा. वांगी-मिरची लावणाऱ्या आमच्या घरात मीच पहिला लिहिता-वाचता. त्यांनी मला नावानं कधी हाक मारली नाही. मी दुय्यम मास्तर, म्हणून "अरे दुय्यम". हे इतकं रुळलं की पुढं माझी आईही चिडली की "ओ दुय्यम" म्हणायची, आणि तिच्या तोंडून ती शिवीच वाटायची.

मास्तरांचं म्हणणं असं, की शाळेत मास्तरचा एकेक अवयव झिजतो, तेव्हा सुट्टीही एकेकाला वेगळी द्यायला हवी. सगळ्या अंगाला एकदम सुट्टी दिली तर कुणालाच धड मिळत नाही. म्हणून शाळा बंद झाली की आधी डोळ्यांची सुट्टी. डोळ्यांवर ओल्या फडक्याची पट्टी बांधायची आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून गावातनं हिंडायचं. एकदा मी विहिरीवर कुणाशी बोलत थांबलो, तर हे आपले एकटेच पुढं गेले आणि थेट पाटलाच्या गोठ्यात शिरले. म्हशीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "चल दुय्यम." पाटलानं ही गोष्ट पुढं वर्षभर पुरवून पुरवून सांगितली.

मग उजव्या हाताची सुट्टी. हा छडी मारणारा हात. तो गळ्यात झोळी करून अडकवायचा आणि काही झालं तरी उचलायचा नाही. पोरं मुद्दाम त्यांच्या नाकासमोर दुसऱ्यांच्या कैऱ्या पाडायची आणि हे नुसते बघत राहायचे. जेवताना मात्र झोळीतून हात अलगद बाहेर यायचा. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "जेवण हे हाताचं काम नव्हे, पोटाचं. हात फक्त सोबत करतो."

पण खरी बोंब झाली ती कानांच्या सुट्टीवरनं. तेव्हा सातासमुद्रापलीकडं कुणीतरी कुणाशी लढत होतं, तिकडचा कापूस अडला होता, आणि आमच्या पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीला, सोन्याचे दिवस आले होते. ज्याच्या अंगावर धड बंडी नसायची त्यानं बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या. बायका वेचून परतताना ओच्यात चिमूटभर कापूस लपवू लागल्या आणि नवरे त्यांच्या ओच्यांची झडती घेऊ लागले. अशा दिवसांत आमचे मास्तर रोज सकाळी पाटलाच्या गंजीतला सगळ्यांत लांब धाग्याचा कापूस उपटायचे आणि त्याचे दोन बोळे कानांत कोंबायचे. कालचे बोळे आज चालत नसत. "पोरांचं ओरडणं वर्षभर ऐकलंय, जाडाभरडा कापूस कसा चालेल?" असं त्यांचं म्हणणं. पाटील मला म्हणाला, "मास्तरच्या कानात माह्या बैलाची झूल चाल्ली." मास्तरांना ते अर्थात ऐकू आलं नाही.

आणि एक कायदा. सुट्टीत 'शाळा' हा शब्द काढायचा नाही. जो काढेल त्यानं मास्तरांच्या तळपायांना काशाच्या वाटीनं तूप चोळायचं, वाटी काळी होईस्तोवर. उष्णता उतरते म्हणे. हा कायदा मोडणारा गावात मी एकटाच होतो, त्यामुळं दर उन्हाळ्यात मास्तरांचे पाय थंडगार आणि माझे पंजे दुखरे. माझी आई तूप द्यायला कटकट करायची. एकदा ती मळ्याच्या बांधावर उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "हे मास्तरची सुट्टी हाये का बायंतपण?"

मला त्यांचा राग येत नव्हता असं नाही. ज्याला चार अक्षरं येत होती तो प्रत्येक जण त्या वर्षांत कुठल्या ना कुठल्या व्यापाऱ्याचा गुमास्ता झाला. माझ्या मागंही एक जण लागला होता, सुट्टीपुरता तरी ये म्हणून. मी मास्तरांना भीत भीत विचारलं. ते म्हणाले, "दिवसा आपलं वावर अन् रात्री शेजाऱ्याचं, असा बैल जुंपला तर तो हंगाम काढतो. पुढला काढत नाही. मुकाट्यानं निंबाखाली झोप." मी झोपलो. पोराले मास्तरनं आयतखाऊ केलं, असं आई ज्याला त्याला सांगत सुटली.

सुट्टी नसली की मात्र या माणसाचं एकच युद्ध चाललेलं असायचं, ते 'ळ'साठी. आमच्या वऱ्हाडात ळ जिभेवर टिकत नाही, त्याचा य होतो. डोळ्याचा डोया, पोळ्याचा पोया. मास्तर फळ्यासमोर उभं राहून ओरडायचे, "निळा डोळा, काळा गोळा." पोरं आनंदानं ओरडायची, "निया डोया, काया गोया." त्यांच्या पुणेरी कानांना ते खडे चावल्यासारखं व्हायचं. मी त्यांच्यासमोर ळ नीट म्हणायचो आणि उंबऱ्याबाहेर पडलो की सोडून द्यायचो. घरी ळ म्हणालो असतो तर आईनं दृष्ट काढली असती.

तर त्यांचा आवाज. सडपातळ माणूस, गालफडं बसलेली, पण पाढे म्हणू लागले की वावरात निंदणाऱ्या बाया हात थांबवायच्या. आवाजात गोडवा काही नव्हता. नुसता दणका. पाटलानं आपला धान्याचा जुना अंबारखाना शाळेला दिला होता. कापसाची चढती लागली तशी त्यानं त्याच भिंतीला लागून कापसाचं खळं केलं. मग काय विचारता. इकडं आम्ही पाढे म्हणतोय, तिकडं गाड्या, बैलांच्या घंटा, तोलाऱ्यांची ओरड, दलालांची भांडणं. मास्तरांनी हार मानली नाही. खळं जितकं ओरडेल त्याच्या वर ते ओरडायचे. एक अख्खा हंगाम ते कापसाशी ओरडत राहिले, आणि होळीच्या सुमाराला त्यांच्या आवाजातून न वंगणलेल्या चाकासारखी करकर येऊ लागली.

सुट्टी लागली तसं मी त्यांना बळंच बाळापूरला हकिमाकडं नेलं. हकीम म्हातारा होता, बोलायला गोड. त्यानं मास्तरांना उन्हात बसवून तोंड उघडायला लावलं, आत बराच वेळ पाहिलं आणि मग मला सांगितलं, त्यांना नाही. शाळा पुन्हा उघडेस्तोवर एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही. पाळलं तर आवाज परत येईल. मध्येच ओरडले तर उरलासुरलाही जाईल, आणि मग खुद्द लुकमान हकीम आला तरी इलाज नाही.

मास्तर विंचवाला भ्यायले नव्हते, शाळा तपासणाऱ्या डिपोटीसाहेबाला भ्यायले नव्हते. त्या दिवशी भ्यायले. बायको केव्हाच वारलेली, पोरबाळ नाही, पुण्याकडं चुलत्यांनी घर गिळलेलं. परतताना गाडीत ते मला म्हणाले, "दुय्यम, मला जमीन नाही की जुमला नाही. मेला हा एक गळा आहे." आणि त्यांनी तोंड मिटलं.

त्या उन्हाळ्यात डोळे, हात, कान सगळ्यांच्या सुट्ट्या रद्द. फक्त गळ्याची. ज्येष्ठमधाची कांडी गालात, गळ्याला तेल, वर गुंडाळलेला पंचा, आणि उन्हाच्या वेळी आमच्या मळ्यातल्या निंबाखाली खाट. सगळं बोलणं खुणांनी. पाणी हवं तर अंगठा, भूक लागली तर पोटावर थाप, आणि माझी आई येताना दिसली की डोळे मिटून घ्यायचे. माणसाला एवढी चिकाटी असू शकते हे मला ठाऊक नव्हतं. ठेच लागली तरी 'आई गं' नाही. एकदा पायावर गरम दूध सांडलं, तर या माणसानं तोंड दाबून खाटेभोवती चकरा मारल्या. मी हसलो, आणि मग मलाच कसंतरी झालं.

सुट्टी सरत आली तेव्हा अकोल्याच्या कचेरीतून एक शिपाई आला, शाळा ठाकठीक आहेत का पाहायला. आम्ही मळ्यात. शाळेला कुलूप. खळ्यात पाटील बसलेला. शिपाई हिंदुस्थानी, मराठी त्याला कामापुरती कळायची. पुढं काय झालं ते मला नंतर त्या शिपायानंच सांगितलं, म्हणून खरं मानतो.

शिपायानं विचारलं, "मास्टर किधर है?"

पाटील म्हणाला, "मास्तरचा गया गेला."

आता आमच्या गावात कुणालाही कळलं असतं, की मास्तरांचा गळा गेला. शिपायानं ऐकलं 'गया' आणि 'गेला'. त्याला वाटलं, पाटील काय भला माणूस आहे, आपल्यासाठी हिंदीतही सांगतो आणि मराठीतही. त्यानं विचारलं कसा गेला. पाटील म्हणाला, "बोंबलून बोंबलून गेला. हकिमानं हात टेकले." शिपायानं कानांच्या पाळ्यांना हात लावले आणि आल्या वाटेनं अकोला गाठलं. आमच्या शाळेचा मास्तर ओरडत ओरडत वारला, असं त्यानं कचेरीत कळवलं. ज्या ळसाठी मास्तरांनी एवढी वर्षं घसा फोडला, त्यानंच त्यांना कागदोपत्री मारून टाकलं.

कचेरीला दुसरा मास्तर कुठून मिळणार? लिहिता-वाचता माणूस कापसात. तेव्हा शाळा बंद करावी आणि अंबारखाना पाटलाला परत द्यावा, असं ठरलं. पाटलाला निरोप आला तेव्हा तो हसत हसत मळ्यात आला. माणूस वाईट नव्हता. पण कापूस ठेवायला त्याला जागा पुरत नव्हती, आणि आयती चालून आली होती.

तो खाटेशी उकिडवा बसला आणि म्हणाला, "मास्तर, सरकारनं तुमाले मारलं गा. म्या काई केलं नाई. आता शायेत गाठोडे टाकतो, तुमी आमच्या घरी राहा, दोन वखत जेवा, झोपा. तुमाले तरी आरामच पायजे ना?"

मास्तर उठून बसले. पाटलानं शाळेचं नाव काढलं होतं, आणि पहिल्यांदाच त्यांनी काशाच्या वाटीकडं बोट दाखवलं नाही. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि बैल जुंपायची खूण केली.

अकोल्याला पोचलो तेव्हा कचेरीच्या ओसरीवर तोच शिपाई होता. मास्तरांना पाहून तो दोन पावलं मागं सरला आणि पाण्याच्या माठावर बसला. माठ फुटला. अशी आमची वर्दी आत गेली.

डिपोटीसाहेब देशावरचे, मास्तरांच्याच बाजूचे. पांढरीशुभ्र पगडी, तपकीर, समोर कागद. आजूबाजूला कारकून बैठ्या मेजांशी ओळीनं बसलेले. मी सगळं सांगितलं: मास्तर जिवंत आहेत, फक्त गया बसला आहे. साहेब म्हणाले, "गया? अहो, हे काय ते तीर्थक्षेत्र?" कारकून हसले. मी मनातल्या मनात 'निळा डोळा' म्हटलं आणि बाहेर कधी न म्हटलेला ळ त्या कचेरीत म्हणून दाखवला: "गळा, साहेब. मास्तरांचा गळा बसलाय."

साहेबांना गंमत वाटली. पण कागदावरनं हात हलला नाही. ते म्हणाले, मास्तर गेला नाही हे ठीक, पण गळा तर गेलाच. मुका मास्तर आणि मेलेला मास्तर यांत पोरांच्या दृष्टीनं फरक काय? मी म्हणालो, शाळा उघडेस्तोवर आवाज येतो, थोडेच दिवस राहिलेत. ते म्हणाले, पाऊस तोंडावर आलाय, पाटलाला कापूस ठेवायला जागा हवी, मीही वरच्यांना उत्तर देणं लागतो. "आत्ता माझ्यासमोर शिकवून दाखवू देत, मी निरोप मागं घेतो."

मी म्हणालो, "हकीम म्हणालेत, आत्ता ओरडले तर गळा कायमचा जाईल."

"म्हणजे नाहीच ना?" साहेब म्हणाले आणि त्यांनी बोरू दौतीत बुडवला.

मास्तरांनी गळ्याभोवतीचा पंचा सोडला. मी त्यांचा हात धरला. खरं तर गच्च धरला, कारण मला दिसलं की हा माणूस आता काय करणार. त्यांनी माझी बोटं एकेक करून सोडवली, पंचा माझ्या खांद्यावर टाकला, आणि शाळेत उभे राहायचे तसे पाय फाकवून उभे राहिले.

"एक औट औट."

बाप रे, तो आवाज. सगळी सुट्टी मुरवलेला. करकर नाही, काही नाही. औट म्हणजे साडेतीन. औटकी हा पाढा भल्याभल्यांना रडवतो. मेजांवरचे बोरू थांबले. बाहेर झाडाखालच्या गाड्यांचे बैल कान टवकारून आत बघू लागले. बे औटे सात. तीन औटे साडेदहा. प्रत्येक ओळीला आवाज वर चढत होता, आणि पाच औट्यांनंतर मला त्यात काहीतरी चरचरताना ऐकू आलं, जुनं धोतर फाटायला लागतं तसं. मी म्हणालो, मास्तर, पुरे. त्यांनी माझ्याकडं बघितलंही नाही. सहा औटे एकवीस.

"सात औटे साडे..."

आणि आवाज संपला. तुटला नाही, घसरला नाही, संपला. ओठ हलत होते, छाती हलत होती, गळ्याच्या शिरा दोरीसारख्या ताठ झालेल्या, आणि बाहेर नुसता वारा. मास्तर तसेच उभे होते, अर्धा पाढा तोंडात घेऊन.

तेवढ्यात कोपऱ्यातला एक म्हातारा कारकून, मान खाली घालून बसल्या जागेवरून, म्हणाला, "चोवीस."

त्याला म्हणायचं नव्हतं. ते आतून आलं. लहानपणी कुठल्याशा पंतोजीनं पाठीत घालून घालून भरलेलं ते, अर्धवट सोडता येतच नाही. त्याच्या शेजारचा म्हणाला, "आठ औटे अठ्ठावीस." नवाला आणखी चौघे. सगळी ओळ डोलू लागली. दारातल्या शिपायाला औटकीचं ओ की ठो कळत नव्हतं, तोही ओल्या धोतरानं डोलत होता. आणि "दहा औटे पस्तीस" झालं तेव्हा मी डिपोटीसाहेबांकडं पाहिलं. पगडी हलत होती. साहेबांचं तोंड उघडं होतं आणि पस्तिसातला शेवटचा 'स' अजून त्यांच्या दातांत होता.

साहेब शरमले. त्यांनी उगाच तपकिरीची डबी उघडली आणि मिटली. मग कागद बाजूला सारला आणि हळू आवाजात म्हणाले, शाळा राहील. पण पोरांपुढं मोठ्यानं म्हणायला कुणीतरी लागेल. मी म्हणालो, मास्तर ओठांनी सांगतील, मी म्हणेन. साहेब म्हणाले, ठीक. आणि उठून त्यांनी मास्तरांना वाकून नमस्कार केला.

तो आवाज पुन्हा आला नाही. हकीम खरं बोलला होता.

त्या दिवशी परतताना मी मात्र भडकलो होतो. गाव येईस्तोवर गप्प बसायचं ठरवलं होतं, पण नदी ओलांडली आणि माझा बांध फुटला. बैलांवर ओरडल्यासारखा मी त्यांच्यावर ओरडलो. अख्खा उन्हाळा तोंड शिवून बसलात, दूध सांडलं तरी हूं केलं नाही, ज्येष्ठमध चघळून चघळून गाल सोलले, आणि थोडे दिवस राहिले असताना सगळं त्या कचेरीत उधळून आलात. मी बोललो असतो, मी पाय धरले असते, गेलं ना सगळं वाया? मला रडू येत होतं आणि ते लपवायला मी आणखी ओरडत होतो.

त्यांनी माझी बंडी ओढली. मी मागं वळून कान त्यांच्या तोंडापाशी नेला. आवाज नव्हताच, नुसता श्वास.

"वाया कसा? याच्यासाठीच तर जपला होता."

मग पंचा तोंडावर ओढून ते कडब्यावर आडवे झाले. सुट्टी अजून बाकी होती ना. मी बैल हाकत राहिलो. थोड्या वेळानं मागून घोरणं सुरू झालं, पूर्वीसारखंच, दणदणीत. तेवढा एक आवाज त्यांचा शाबूत होता, आणि गाव येईस्तोवर मी तो ऐकत गेलो.